शाळेतले चौदा दिवस : तुमच्या मुलांना त्यातलं काय आठवतं?

खाडीकाठ (धागाकर्ती)

गणपतीची साफसफाई काढली होती. कपाटात जुना फोन सापडला, चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला. त्यात मे २०२० चे फोटो निघाले आणि साफसफाई राहिली बाजूला.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत. नवरा अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे रोज ड्यूटी. वन रूम किचनमध्ये तो कामावरून आला की त्याची आंघोळ होईपर्यंत मी मुलांना गॅलरीत उभं करायची. पावसाळा आला की काय करणार, म्हणून शेवटी ई-पास काढला आणि तो म्हणाला, तू मुलांना घेऊन गावाला जा. गाव गुहागर तालुक्यात. पहाटे पाचला निघालो, कशेडी घाटाच्या तपासणीत चार तास गेले, गावात पोचलो रात्री साडेदहाला. घरी नाहीच. थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन वर्ग, एक पडवी, मागे संडास. तिथे चौदा दिवस क्वारंटाईन.

मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. बाकं जोडून त्यावर चादरी घातल्या. चुलतसासूबाई दोन वेळा डबा आणायच्या, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवून वीस पावलं मागे जायच्या आणि ओरडायच्या, "घेऊन जा गोऽऽ". त्या पलीकडे गावातलं चिटपाखरूही आमच्याकडे फिरकलं नाही. ओळखीची माणसं समोरच्या रस्त्यावरून जाताना मान वळवायची. मी ते अजून विसरलेले नाही, खरं सांगते. पुढे आम्ही गावातच राहिलो, आज त्याच माणसांच्या घरी हळदीकुंकवाला जाते, तरी विसरलेले नाही.

तर फोटो. वर्गातल्या फळ्याचा आहे. मुलाने वर खऱ्या शाळेसारखी तारीख घातली आहे, 'पट ३, हजर ३' लिहिलं आहे. त्याच्या खाली पत्त्यांच्या डावाचे गुण, मेंढीकोटाचे असावेत. तीन रकाने. 'ओ' म्हणजे मुलगा, 'ई' म्हणजे मुलगी. आणि तिसऱ्यावर 'बा'.

तिसऱ्या रकान्यात बाबाचं नाव! मी दुपारी तिथे मेल्यासारखी झोपायची, रात्री डोळ्याला डोळा नसायचा. त्या वेळात ही दोघं बाबाच्या वाटणीची पानं टाकून त्याच्या नावाने गुण लिहीत होती, आणि मला पाच वर्षं पत्ता नाही. 'बा' जिंकत होता बहुतेक डाव. फोटो बघून मी तिथेच खाली बसले.

मुलीला विचारलं, तुला काय आठवतं शाळेतलं? म्हणाली, "मज्जा होती. कैऱ्या होत्या." मला कैऱ्या आठवतच नाहीत. मुलगा आता नववीत आहे, तो "बघतो नंतर" म्हणून बाहेर गेला.

म्हणून हा धागा. आपण काय सोसलं ते आपण एकमेकांना शंभरदा सांगून झालंय. मुलांच्या लक्षात काय राहिलंय? विचारा आणि लिहा. कोकणातले लिहितील तर बरं, कारण आमच्याकडे नुसता कोरोना नव्हता, हे घाटावरच्यांना कळत नाही.

------

हापूसवाला

पहिला मी! छान धागा.

आम्ही देवगडचे. २५ मार्चला पाडव्याच्या दिवशी लॉकडाऊन सुरू झाला तेव्हा आमचा आंबा तयार व्हायला लागलेला. वाशी मार्केट कधी चालू, कधी बंद. कलमांवर माल आणि खाली मी डोक्याला हात लावून. मग मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप धरले आणि थेट पेट्या पाठवायला लागलो. गंमत अशी की मला व्हॉट्सॲपवर नीट टाइप करता येत नव्हतं. सगळा कारभार मुलीकडे, ती तेव्हा सातवीत. ऑर्डर घेणं, कुठल्या सोसायटीत कोण किती डझन, पैसे आले का, सगळं तिच्या वहीत. पाच डझनी, सहा डझनी, आठ डझनी. एका काकांनी तिला फोनवर "मॅडम" म्हटलं तो दिवस तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

आमच्याकडे राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं असतात. ती त्या वर्षी अडकून पडली. त्यातल्या एकाची बायको-मुलं सोबत होती, त्याच्या मुलीने आमच्या मुलीला पेटीत गवत कसं लावायचं ते शिकवलं आणि आमच्या मुलीने तिला मराठी बाराखडी. दोघींची शाळा आंब्याच्या पडवीत भरायची.

आज मुलीला विचारलं काय आठवतं. म्हणाली, "तुम्ही मला त्या सीझनची मजुरी दिलेली नाही." हिशेबाची वही अजून तिच्याकडे आहे.

------

तिरफळ

हापूसवाल्यानू, द्या तिचे पैशे. व्याजासकट.

------

बाकावरचा मास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, मंडणगड तालुका. खाडीकाठ, तुमच्यासारखी माणसं आमच्याही शाळेत राहून गेली. ती गेल्यावर निर्जंतुकीकरण करून वर्ग उघडला तर फळ्यावर पत्त्यांचे गुण होते, दाराच्या मागे खडूच्या चौदा रेघा होत्या आणि पाढ्यांच्या तक्त्यात बाराचा पाढा कोणीतरी दुरुस्त केला होता. तक्ता मीच लिहिलेला. बारा नवे एकशे आठच्या जागी एकशे सहा लिहून मी तीन वर्षं मुलांसमोर टांगला होता. दुरुस्त करणारा कोण ते कळलं नाही, त्याचा मी ऋणी आहे.

आता मुद्द्याचं. ऑनलाइन शाळा म्हटलं की लोकांना लॅपटॉपवरची मुलं दिसतात. माझ्या पटावर तेवीस मुलं. स्मार्टफोन असलेली घरं आठ, त्यातले पाच फोन बापाबरोबर कामावर. राज्याचा कार्यक्रम होता 'शाळा बंद, पण शिक्षण आहे', रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा. चांगला असायचा, खोटं बोलणार नाही. पण ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि शाळेचे निम्मे पत्रे शेतात गेले. विजेचे खांब काडीसारखे मोडले. काही वाड्यांत वीज यायला महिना गेला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी, तेव्हा आमच्या कितीतरी घरांवरच्या डिशच उडालेल्या होत्या.

मग मी वाडीवाडीने फिरायला लागलो. सोमवारी वरची वाडी, मंगळवारी बौद्धवाडी, बुधवारी मोहल्ला. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या पडवीत, देवळाच्या सभामंडपात. पाच-सात मुलं लांब लांब बसवून. याला परवानगी होती का, असं इथे कोणी विचारू नये.

ज्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं ती त्या वर्षी पहिलीत आलेली. जून २०२० मध्ये त्यांचं नाव पटावर चढलं. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे वर्गातल्या बाकावर ती पहिल्यांदा बसली तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष संपलेलं. त्यात जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. या मुलांना अक्षरं येत होती, पण उलटीसुलटी. 'क' खालून वर काढायची, कारण बोटाने फोनवर गिरवला होता. रांग माहीत नव्हती. डबा सगळ्यांनी एका वेळी खायचा असतो हे माहीत नव्हतं. एक जण तास चालू असताना उठला आणि म्हणाला, "सर, मी लेफ्ट होऊ?"

हसू आलं तेव्हा. तो मुलगा यंदा सहावीत असेल. गणित चांगलं आहे, पण चारचौघांत उभा राहून वाचायला सांगितलं की आवाज बसतो. याचा संबंध तेव्हाशी आहे की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला मात्र तसं वाटतं.

------

सुपारीबाग

मास्तर, निसर्गचं नाव काढलंत. आम्ही श्रीवर्धनचे.

आमच्या घरात कोरोना कोणाच्याच आठवणीत नाही. विचारलं तर मुलगी म्हणते, "वादळाच्या वर्षी शाळा नव्हती." शाळा कशामुळे नव्हती हे तिच्या डोक्यात उलट बसलंय आणि मी ते सरळ करायला गेले नाही.

३ जूनला सकाळपासून पाऊस, दुपारी एकच्या सुमाराला जो वारा सुटला तो आवाज मी पुन्हा ऐकू नये. सासूबाईंनी दोन्ही मुलांना जुन्या शिसवी पलंगाखाली घातलं आणि स्वतः समोर पाय पसरून बसल्या, दार लावल्यासारख्या. कौलं एकेक करून जात होती. मधेच वारा थांबला, आम्हाला वाटलं संपलं, तर उलट्या बाजूने सुरू.

संध्याकाळी मागचं दार उघडलं तर बाग नव्हती. समोर थेट पलीकडच्या आळीतलं घर दिसलं, जे लग्न होऊन आल्यापासून मी त्या दारातून कधी पाहिलं नव्हतं. आडव्या पडलेल्या पोफळी. सासूबाई मोजायला लागल्या. आमची श्रीवर्धनी रोठा, बाजारात नाव असलेली सुपारी, सासऱ्यांनी लावलेली. एकशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग त्यांनी मोजणं सोडलं. मुलगी तेव्हा दुसरीत होती, तिला शंभरपर्यंतच येत होतं. ती आजीच्या मागे फिरत म्हणत होती, "आज्जी, शंभरानंतर काय?"

नवी रोपं त्याच पावसाळ्यात लावली. तिच्या हाताने लावलेलं एक होतं. यंदा त्याला पहिला घड धरलाय, नऊ सुपाऱ्यांचा. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

वाऱ्याला ती अजून घाबरते. पंखा चारवर ठेवू देत नाही.

------

काळाचौकीवरचा

वाचतोय. सगळं गोडगोड चाललंय, म्हणून जरा तिखट.

मी मुंबईत वाढलेला, पण गाव म्हटलं की जीव टाकणारा. शिमग्याला आणि गणपतीला रजा मिळाली नाही तर नोकरी सोडणाऱ्यांतला. २०२० च्या मे महिन्यात टेम्पोने आई-वडील, बायको, मुलगी असे गावी निघालो. वडील अडुसष्टचे. पास होता, सही-शिक्का होता. गावाच्या वेशीवर झाड तोडून आडवं टाकलेलं, पलीकडे दहा-बारा जण काठ्या घेऊन. माझ्याच भावकीतले! "आल्या पावली मागे जा." ती रात्र आम्ही टेम्पोत काढली, दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा शाळेत घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहायची लाज वाटते.

त्याच गावात आमच्या पैशातून देवळाचं पत्र्याचं काम झालंय, मंडळाची पेटी दरवर्षी आम्ही भरतो. मनीऑर्डर चालते, माणूस चालत नाही.

मुलीला काय आठवतं हे विचारायची गरज नाही. ती तेव्हा आठ वर्षांची. पुढच्या शिमग्याला पालखी घरी येते, तिला म्हटलं चल. ती म्हणाली, "ते आपल्याला नको म्हणतात ना?" तेव्हापासून ती गावी आलेली नाही. आजीकडे मुंबईत राहते त्या दिवसांत. पालखी नाचवायला माझ्या खांद्यावर येते तेव्हा मला दरवेळी ते झाड दिसतं.

------

वेशीवरचा

काळाचौकी, मी त्या काठीवाल्यांतला आहे. तुमच्या गावचा नाही, राजापूर तालुक्यातला, पण आमच्या वेशीवरही हेच. ग्राम कृती दलात होतो, कोरोनासाठी गावात नेमलेल्या पथकात.

माफी मागायची तर मागतो. पण ऐका. आमच्या वाडीत घरं एकतीस. त्यातल्या एकोणीस घरांत फक्त म्हातारा-म्हातारी, कारण मुलं तुमच्याकडे मुंबईला. प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. सुरुवातीला जिल्ह्यातले नमुने मिरजेला जायचे, अहवाल येईस्तोवर माणूस बरा तरी व्हायचा नाहीतर दुसरं काहीतरी. टीव्हीवर दिवसरात्र मुंबईचे आकडे. एक माणूस लागलेला आला असता तर आमच्याकडे तिरडी धरायला चार जण मिळाले नसते. भीती होती, दुसरं काही नाही. भीतीत माणूस जे करतो ते नंतर बघवत नाही, हे कबूल.

मुलांचं म्हणाल तर माझा मुलगा तेव्हा दहाचा. मी त्या दिवसांत त्याला दोनदा फोडून काढलाय, क्वारंटाईनवाल्यांच्या शाळेकडे फिरकला म्हणून. पेरूच्या शिमटीने. त्याला काय आठवतं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

------

काळाचौकीवरचा

भीती आम्हालाही होती. आम्ही काय पिकनिकला आलो होतो?

------

वेशीवरचा

नाही. तेच म्हणतोय.

------

संपादक मंडळ

दोन्ही बाजू मांडून झाल्या आहेत. गावांची नावं कोणी काढू नयेत, याआधी दोन प्रतिसाद त्यामुळे उडवावे लागले. धागा मुलांच्या आठवणींचा आहे.

------

तिरफळ

तर मुलांकडे वळूया. मालवणच्या दक्षिणेला एक छोटी वाडी, घरचा धंदा मासेमारी.

आमच्याकडे रेंज फक्त एका ठिकाणी यायची. वाडीपुढच्या खडपावर, म्हणजे खडकावर, समुद्रात पंचवीस-तीस हात आत. समोरच्या टेकाडापलीकडचा टॉवर तिथून पकडायचा. पोरं फोन घेऊन तिथे बसायची, छत्र्या लावून. अडचण एकच, भरतीला खडप पाण्याखाली. शाळेकडून तासांचं वेळापत्रक आलं, ते आमच्या झिलग्याने वहीत उतरवलं आणि बाजूला दुसरा रकाना काढून भरती-ओहोटी लिहिली. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे आठवडाभर गणित बुडायचं आणि पुढचा आठवडा इतिहास. सर फोनवर विचारायचे, काल का नव्हतास? तो सांगायचा, "सर, पाणी चढला." सरांना वाटायचं घरात पाणी शिरलं. ते दोनदा काळजीने फोन करून विचारून गेले, मग कोणीतरी त्यांना समजावलं.

बाजार बंद होता, लिलाव बंद. जे मिळेल ते वाडीत वाटायचं नाहीतर खारवून सुकवायचं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं लागतात आणि गर्दी करायची नाही असा हुकूम. मग घरातल्याच माणसांनी, पोरासोरांनी दोर धरला. रापणीत जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो, हा आमच्याकडचा जुना कायदा, वय विचारत नाहीत. आमच्या मुलाला पहिल्यांदा स्वतःचा वाटा मिळाला, टोपलीभर पेडवे मासे. तो घरी कसा आला सांगू! आयशीच्या समोर टोपली ठेवली आणि म्हणाला, "घे, माझो वाटो."

तिथेच घात झाला असं त्याची आई म्हणते. त्या दोन वर्षांत तो जाळं विणायला शिकला, इंजिन खोलायला शिकला, वारा बघायला शिकला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा होडी वर ओढायला मोठ्यांच्या बरोबरीने होता. मग शाळा उघडली आणि याचं मन काही लागेना. बारावी केली कशीबशी. आता माझ्याबरोबर होडीवर आहे.

लॉकडाऊनने मुलगा शिक्षणातून गेला म्हणायचं की धंद्याला लागला म्हणायचं? माझ्या घरात यावर अजून दोन पक्ष आहेत. मी दोन्हीकडे असतो, कोण समोर आहे त्यावर.

------

बाकावरचा मास्तर

तिरफळ, तो भरती-ओहोटीचा रकाना असलेली वही जपून ठेवा. भूगोल शिकवताना मला असा दाखला कधी सुचला नसता.

------

शंभर टक्के

इथे बहुतेक काका-काकू दिसतायत, मी 'त्या मुलां'पैकी. दहावी २०२१. हो, तीच बॅच, परीक्षा न देता पास झालेली. आमच्या आधीच्या वर्षीच्यांचा निदान फक्त भूगोलाचा पेपर राहिला होता. १६ जुलैला निकाल लागला, कोकण विभाग १०० टक्के. साइट दुपारभर बंद पडली, कारण सगळेच पास आणि सगळेच बघतायत. शेजारच्या काकांनी अभिनंदन करताना जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

आम्ही चिपळूणचे. निकालाचे पेढे फ्रिजमध्ये होते. २२ जुलैला पहाटे आई उठली तर पायाला पाणी लागलं. तासाभरात वरच्या मजल्यावर पळालो. वाशिष्ठी बाजारातून वाहत होती. जिन्यातून खाली बघितलं तर आमचा फ्रिज आडवा तरंगत होता, पेढ्यांसकट. मला इतकं हसू आलं की आईने कानाखाली दिली. मग ती पण हसली, मग रडली.

पुढचे पंधरा दिवस चिखल. ढकलायचा, परत यायचा. कुठून कुठून माणसं आली मदतीला. मास्क कोणाच्याच तोंडाला नव्हता, असला तरी चिखलाचा. कोरोना आहे हे गावच विसरलं होतं बहुतेक. अकरावी प्रवेशाच्या सीईटीची पुस्तकं वाहून गेली म्हणून मी रडत होतो, आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टाने सीईटीच रद्द केली!

मला काय आठवतं? लोक म्हणतात तुमची दोन वर्षं वाया गेली. मला ती वाया गेल्यासारखी आठवत नाहीत, खूप माणसं असलेली आठवतात. पण अजून कुठे मुलाखतीला दहावीची टक्केवारी सांगितली की समोरचा साल बघतो, आणि "अच्छा" म्हणतो. तो "अच्छा" कधी जाणार माहीत नाही.

------

हापूसवाला

तुझा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तीही खूप हसली फ्रिजवर. (मजुरीचा विषय पुन्हा निघाला.)

------

वहीतली आशा

मी आशा सेविका आहे, माणगाव तालुका. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळा.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं. त्याच्या आधीपासून आम्ही फिरतच होतो. घरोघर जाऊन ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा, वहीत लिहायचं. काही घरं दारात उभं करायची नाहीत. एका बाईने मी उभी होते त्या पायरीवर मी जायच्या आत पाणी ओतलं.

माझी दोन मुलं. घरी आले की मीच लांबून ओरडायची, "बाजूला व्हा", मग मागच्या न्हाणीत आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, मग घरात. धाकटी चार वर्षांची होती. तिला वाटायचं हा खेळ आहे, ती पण ओरडायची "बाजूला व्हाऽऽ" आणि पळायची. एकदा दुपारी लवकर आले तर ती अंगणात बाहुल्या मांडून बसलेली. टीव्हीचा रिमोट एकेकीच्या कपाळाला लावत होती आणि पाटीवर रेघा मारत होती. एका बाहुलीला तिने कोपऱ्यात सुपाखाली ठेवलं होतं. म्हटलं, हिला काय झालं? म्हणाली, "हिचे नव्वद आले."

तेव्हा मी हसले. मे २०२१ मध्ये आमच्या भागात खरोखरच ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेलेले आले. त्या महिन्यात रायगड धरून बऱ्याच जिल्ह्यांत घरी ठेवणं बंद केलं, सगळ्यांनी कोविड सेंटरला जायचं. माणसं सेंटरच्या भीतीने ताप लपवायची. माझ्या वहीतल्या एका घरातला करता माणूस असाच उशिरा गेला. एकेचाळीस वय. मागे बायको आणि दोन मुलगे.

दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची ठेव केली. एकच गेला असेल तर ती नाही. त्यांना बाल संगोपन योजना, तेव्हा महिना १,१०० रुपये, पुढे ते २,२५० झाले. तिचा फॉर्म मी भरून दिला. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पुस्तक. मोठा मुलगा आठवीत होता, तो माझ्यासोबत प्रत्येक ऑफिसला यायचा, कारण आईला सही सोडून लिहिता येत नव्हतं. बापाच्या दाखल्यावर नावात एक वेलांटी चुकली होती, त्या वेलांटीसाठी आमच्या चार खेपा झाल्या. तो मुलगा आता तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. फॉर्म भरून झाला की नाव तीनदा वाचतो आणि समोरच्याकडून पण वाचून घेतो.

त्याला काय आठवतं ते मी विचारत नाही. दुकानात गेले की चहा सांगतो.

------

सुपारीबाग

आशाताई, काहीही चुकलेलं नाही. _/\_

------

काळाचौकीवरचा

दोन दिवस इथे फिरकलो नव्हतो. आशाताईंचं वाचून परत आलो.

वेशीवरचा, तुमच्याशी भांडण नाही. काल मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने तुमचा पेरूच्या शिमटीवाला प्रतिसाद दोनदा वाचला आणि विचारलं, "तो मुलगा शाळेकडे कशाला जायचा?" मला उत्तर येईना. तुम्हाला येत असेल तर सांगा.

------

वेशीवरचा

विचारलं शेवटी. तिकडे कोणाकडे तरी कॅरम होता म्हणे. खिडकीतून बघायला जायचा.

------

खाडीकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं उत्तर देते नंतर. गणपती तोंडावर, मखर अजून व्हायचंय.

एक दुरुस्ती आहे आणि ती मुलाने सांगितली म्हणून लिहिते. धागा त्याने काल रात्री वाचला. आधी म्हणाला, "मेंढीकोट नव्हता गं, तिघांत मेंढीकोट कसा खेळणार? पाच-तीन-दोन होता." म्हटलं, हो बाबा, पाच-तीन-दोन. तुम्ही दोघं आणि बाबाचा हात.

तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबाचा कुठे? बाळ्याचा."

बाळ्या म्हणजे समोरच्या घरातला. ज्याचे वडील तेव्हा कृती दलात होते आणि मला रस्त्यावरून "खिडक्या लावून घ्या" म्हणून दटावून जायचे, तो त्यांचा मुलगा. मी दुपारी झोपले की तो मागच्या बाजूने यायचा, खिडकीच्या बाहेर चिऱ्यावर चढून बसायचा आणि गजांतून पानं टाकायचा. येताना खिशात कैऱ्या आणि पुडीत तिखटमीठ. एकदा सोबत शेजारच्या कुत्रीचं पिल्लूपण आणलेलं, ते गजांतून आत आलं आणि बाहेर जाईना, तेव्हा माझी झोप मोडणार होती म्हणे.

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीत? तर धाकटी आतून ओरडली, "तू ओरडली असतीस!"

खरं आहे, ओरडले असते.

बाळ्या आता अकरावीला आहे, रोज आमच्या अंगणातून जातो, मला "काकी" म्हणतो. पाच वर्षांत त्यानेही अवाक्षर काढलेलं नाही. आज सकाळी दुर्वा द्यायला आला होता. त्याला फोन दाखवला. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, तिसरा रकाना वरून खाली मोजला आणि म्हणाला, "शेवटचे दोन डाव लिहिले नाहीत याने. ते पण मीच जिंकलेलो."

आता अंगणात त्यावरून दोघांची जुंपली आहे.